निकाहनाम्यातला कोरा रकाना

वाशीपासून पनवेलपर्यंत कुठल्याही मुस्लिम घरात लग्नाची बोलणी सुरू झाली की मुलाकडच्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येते. "हल्लीच्या मुलींच्या अपेक्षा फार वाढल्या आहेत." कोणत्या अपेक्षा, असे विचारले तर यादी ठरलेली असते. वेगळे घर हवे, नोकरी सोडणार नाही, पगार माझ्या खात्यात राहील, दुसरा निकाह करणार नाही असे लिहून द्या. टीव्ही आणि मोबाइलने आणलेले हे नवे वारे आहे, असे आपल्यातले बहुतेक पुरुष धरून चालतात. इतिहास उघडून पाहिला तर मात्र या यादीतल्या मागण्या फार जुन्या आहेत असे आढळते. नवे आणि कुठेच न लिहिलेले असे जे काही आहे, ते पुरुषाच्या अपेक्षांच्या यादीत आहे.

निकाह हा करार आहे, हे आपण अभिमानाने सांगतो. व्यासपीठावरून सांगतो, बिगरमुस्लिम मित्रांना समजावूनही सांगतो. १८८६ साली अलाहाबाद हायकोर्टाचे न्यायमूर्ती सय्यद महमूद यांनी अब्दुल कादिर विरुद्ध सलीमा या खटल्यात मुस्लिम विवाहाचे हे कराराचे स्वरूप विस्ताराने मांडले आणि तेव्हापासून कायद्याच्या प्रत्येक पुस्तकात त्याचा उल्लेख असतो. कराराला दोन बाजू असतात आणि दोन्ही बाजूंना शर्ती घालता येतात. निकाहच्या शर्ती पाळणे हे इतर कोणत्याही शर्तीपेक्षा अधिक महत्त्वाचे आहे, अशा अर्थाची हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे.

याचा वापरही झाला. आजच्या ट्युनिशियातील कैरवान शहरात पहिल्या काही शतकांतच निकाहाच्या वेळी एक शर्त घालण्याची प्रथा रूढ झाली होती. नवऱ्याने दुसरी बायको केली तर त्या निकाहाचे काय करायचे, हे ठरवण्याचा अधिकार पहिल्या पत्नीच्या हाती राहत असे. अब्बासी खलिफा मन्सूर याने खलिफा होण्यापूर्वी कैरवानच्या अरवा या स्त्रीशी अशीच शर्त मान्य करून निकाह केला, असे इतिहासकार सांगतात. कोणती शर्त किती बांधते याबद्दल वेगवेगळ्या मसलकांत मतभेद आहेत, हे खरे. पण शर्त घालणारी बाई म्हणजे बिघडलेली बाई, असे त्या काळच्या समाजाने मानले नाही.

वेगळ्या घराचेही तसेच. पत्नीला तिच्या योग्यतेचे, आणि तिच्या मर्जीविरुद्ध सासरची माणसे लादलेली नसतील असे राहण्याचे ठिकाण देणे ही पतीची जबाबदारी आहे, असे फुकहांनी लिहून ठेवले आहे. तिची कमाई तिची आहे. मेहर तिचा आहे. आपण कोकणी मुसलमान ज्या शाफई मसलकाचे, त्याच्या ग्रंथांत स्वयंपाक आणि धुणीभांडी ही पत्नीवरची कायदेशीर सक्ती मानलेली नाही. प्रेमाने ती करते, तो तिचा चांगुलपणा.

मग सून म्हणजे घरातल्या सगळ्यांची सेवा करणारी, नोकरी करायची तर सासूच्या परवानगीने करणारी, माहेरी गेली की परतीची तारीख सांगून जाणारी, ही कल्पना आली कुठून? ती आली आपल्या आजूबाजूच्या रिवाजातून. कुलाब्याच्या खाड्यांकाठी भातशेती, मीठ आणि मासळी यांवर जगणाऱ्या गावांत सगळ्याच धर्मांच्या घरांना हातांची गरज होती. घर मोठे, एकत्र आणि कष्टाचे. पुढे पुरुष जहाजावर खलाशी म्हणून गेले, तेव्हा घर सांभाळायला मागे कोणीतरी हवेच होते. त्या रिवाजाला त्या काळात अर्थ होता. चूक झाली ती पुढे. रिवाजाला आपण दीनाचे नाव दिले आणि दीनाने दिलेल्या हक्काला फॅशनचे.

याच जिल्ह्यातला एक दाखला पाहू. आज रायगड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जुन्या कुलाब्याच्या दक्षिणेला जंजिरा संस्थान होते. नवाब सिद्दी अहमद खान यांच्या पत्नी नाझली बेगम या मुंबईच्या फैजी घराण्यातल्या. तय्यबजींचे नातलग असलेले हे सुलेमानी बोहरा घराणे शिक्षणात पुढे होते. १९०८ साली नवाब, नाझली बेगम आणि बेगमेची धाकटी बहीण अतिया यांनी युरोपचा प्रवास केला आणि नाझली बेगमेने त्या प्रवासाचे वर्णन उर्दूत लिहिले. शिक्षण, संपत्ती, मानमरातब यांत काहीच कमी नव्हते. पण मूल नव्हते. नवाबांनी वारसासाठी दुसरा निकाह केला आणि १९१३च्या सुमारास हा संसार मोडला. १९१४ साली संस्थानाला वारस मिळाला. नाझली बेगम मुंबईत बहिणीजवळ राहू लागल्या. माहेर समर्थ होते म्हणून त्यांना परतायला दार उघडे होते. जिचे माहेर समर्थ नाही, तिने कुठे जायचे?

त्याच घरात, त्याच सुमारास, एक अगदी वेगळा पुरुषही आला. १९१२ साली अतियाने सॅम्युएल रहामिन या चित्रकाराशी लग्न केले. तो पुण्याच्या बेने इस्राएली, म्हणजे आपल्याच कोकणच्या किनाऱ्याशी नाते सांगणाऱ्या ज्यू समाजातला. त्याने इस्लाम स्वीकारला आणि आपल्या नावापुढे बायकोच्या घराण्याचे नाव लावले. चित्रकलेच्या इतिहासात तो फैजी रहामिन याच नावाने ओळखला जातो. शंभर वर्षांपूर्वीच्या मुंबईत एक नवरा बायकोचे आडनाव लावतो आणि त्याच्या पुरुषपणाला बाध येत नाही. तेव्हा पूर्वीचे पुरुष असे नव्हते, हे म्हणणे टिकत नाही. दोन्ही प्रकारचे पुरुष होते. कोणाचे उदाहरण घ्यायचे, हे आपणच ठरवले.

या घराण्यातलेच आसफ अली असगर फैजी १८९९ साली माथेरानला जन्मले. माथेरानचा डोंगर पनवेलवरून दिसतो. पुढे ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले आणि १९४९ साली त्यांचा मुस्लिम कायद्यावरील प्रसिद्ध ग्रंथ बाहेर आला. निकाहाच्या वेळीच पतीने ठरावीक परिस्थितीत तलाकचा अधिकार पत्नीकडे सोपवला, म्हणजे तफवीझ केला, तर कोर्टाची पायरी न चढता सुटका करून घेण्याचे प्रभावी साधन तिच्या हाती येते, असे फैजींनी त्यात लिहिले. हे एका सुधारकाचे मत म्हणून बाजूला सारता येणार नाही. १९३०च्या दशकाच्या आरंभी मौलाना अशरफ अली थानवी यांच्यासारख्या परंपरानिष्ठ आलिमांनीही संकटात सापडलेल्या स्त्रियांसाठी जे उपाय सुचवले, त्यात निकाहाच्या वेळचा तफवीझ होता. त्याच विचारमंथनातून १९३९चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा झाला आणि नवरा परागंदा झाला, पोसत नसला, छळत असला तर पत्नीला कोर्टातून फारकत मागण्याचा हक्क मिळाला.

म्हणजे रस्ता होता. आपल्या पुरुषांनी तो वापरला नाही. त्यांनी वापरला तो दुसरा रस्ता. एका दमात दिलेला तलाक धर्मदृष्ट्या गैर असला तरी कायद्याने वैध, असे १९०५ साली मुंबई हायकोर्टाने ठरवले. यातला "गैर" हा अर्धा भाग पुरुष विसरले आणि "वैध" तेवढे त्यांच्या लक्षात राहिले. १८ एप्रिल १९६६ रोजी चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा घेऊन मुंबईत विधिमंडळावर गेले. त्यांचे सगळेच विचार समाजाला पटले नाहीत आणि आजही अनेकांना पटत नाहीत. पण त्या सात जणींचा प्रश्न खरा होता.

पुढची दोन वर्तमानपत्री तारीखवारे शेजारी शेजारी ठेवण्यासारखी आहेत. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर नवे शहर उभे राहू लागले. पाच दिवसांनी, २२ मार्चला, पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. दोन्ही घटनांचा एकमेकींशी संबंध नव्हता, पण दोन्हींनी आपल्या घराचा पाया हलवला. दुसरीची चर्चा आपण पन्नास वर्षे करत आहोत. पहिलीने काय केले, हे फारसे कोणी लिहिले नाही.

सिडकोने एकत्र घर मोडले, आणि तेही कुठलाही उपदेश न करता. १९७३ साली खाडीवर वाशीचा पूल झाला, १९९२ साली मानखुर्दहून वाशीला रेल्वे आली. एक खोली नि स्वयंपाकघर, फार तर दोन खोल्या, अशा सदनिकांत आईवडील, तीन भाऊ, तीन सुना मावणे शक्यच नव्हते. ज्या वेगळ्या घरासाठी पूर्वीच्या सुनेला बंडखोर ठरवले गेले, ते वेगळे घर मुलाने स्वतःच कर्ज काढून घेतले. त्याच दशकात तेलाचे भाव वाढले आणि कोकणातले तरुण आखातात गेले. नवरा दोन वर्षांनी दोन महिने घरी. बँकेचे व्यवहार, मुलांची शाळा, आजारपण, सोसायटीची बैठक, सारे बाईनेच पाहिले. घरचा कारभार तिने चालवला आणि निर्णयाचा हक्क मात्र फोनवर राहिला. आज वाशी, ऐरोली, बेलापूरच्या कार्यालयांत जाणारी मुलगी ही त्या बाईची नात आहे. तिने आजीचे कष्ट पाहिले आहेत. आजीला जे कधीच कागदावर मिळाले नाही, ते ती मागते आहे.

दरम्यान कायदा पुढे गेला. घटस्फोटित पत्नीसाठी वाजवी तरतूद करणे पतीवर बंधनकारक आहे, हे २००१ साली दानियल लतीफी खटल्यात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केले. २००२ साली मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने दगडू पठाण खटल्यात, तलाकला सबळ कारण हवे, समेटाचा प्रयत्न हवा आणि ते सिद्ध करता आले पाहिजे असे सांगितले. २२ ऑगस्ट २०१७ रोजी तिहेरी तलाक रद्दबातल ठरला आणि २०१९च्या कायद्याने तो तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा झाला. या शेवटच्या कायद्याबद्दल आपल्यात तीव्र मतभेद आहेत. नवरा तुरुंगात गेल्यावर बायकोला पोसणार कोण, हा प्रश्न रास्तच आहे. पण आपण स्वतः पन्नास वर्षांत काय केले, हाही प्रश्न तितकाच रास्त आहे. घराचा कचरा घरच्यांनी काढला नाही की बाहेरचा झाडू येतो, आणि तो आपल्या सोयीने फिरत नाही.

शिवाय हे सारे कायदे संसार मोडतानाचे आहेत. संसार जुळताना काय ठरावे, हे कोणतेही सरकार सांगत नाही. ते आपल्याच हातात आहे. छापील निकाहनाम्यात वराचे नाव, वधूचे नाव, वकील, साक्षीदार, मेहर हे रकाने भरले जातात. शर्तींसाठी रकाना असेलच तर त्यात आडवी रेघ मारली जाते. शेजारच्या पाकिस्तानात १९६१च्या कायद्यानुसार केलेल्या निकाहनाम्यात अठरावा रकाना तलाकचा अधिकार पत्नीला सोपवला आहे का, हे विचारणारा आहे. तिथेही तो रकाना वधूला न विचारताच खोडला जातो, अशी तिथल्या स्त्रियांची जुनी तक्रार आहे. म्हणजे रकाना छापून भागत नाही. तो भरायला तयार असलेला पुरुष लागतो.

पुरुषांची भीतीही समजून घ्यायला हवी. नवी मुंबईत तिशीच्या आतला मुलगा घराचा हप्ता, बहिणीचे लग्न, आईचे औषध असे ओझे घेऊन उभा असतो. उद्या पटले नाही तर कोर्टकचेरी होईल, ही धास्ती त्याच्या मनात असते. पण अंदाजाने मांडलेल्या संसारात ही धास्ती वाढते. स्पष्ट बोलून, लिहून घेतले तर ती कमी होते. आईवडिलांना सांभाळायचे आहे, हे त्यानेही आधी सांगावे. परदेशी जायचे असेल तर किती वर्षे, हे लिहावे. घर दोघांच्या नावावर घ्यायचे का, मेहर उधार राहणार की त्याच दिवशी अदा होणार, नोकरीचे काय, हे आधी ठरावे. कराराने बायको बांधली जाते तसा नवराही सावरला जातो.

यासाठी कुठल्या विधेयकाची वाट पाहायला नको, कुठल्या बोर्डाची परवानगी नको. मुलीच्या बापाने बोलणीत मांडवाच्या खर्चाआधी शर्तींचा विषय काढावा. जमातीने त्या बापाला हेकट म्हणू नये. काझीसाहेबांनी तो रकाना मोठ्याने वाचून दाखवावा आणि वधूला विचारल्याखेरीज त्यावर रेघ मारू नये. आणि नवरदेवाने एवढे ध्यानात घ्यावे की कुराणाने निकाहाला भक्कम करार म्हटले आहे. भक्कम करार कोऱ्या कागदावर होत नाही.