उस्मानपुऱ्यातील ‘नक्को’ : शिष्ट आणि अशिष्ट बोलीच्या इतिहासातील एक प्रकरण

इंग्रजीत ज्या शब्दभांडारास ‘स्लँग’ म्हणतात, त्यास मराठीत एकच नेमका प्रतिशब्द रूढ झालेला नाही. अलंकारशास्त्रातील ‘ग्राम्यत्व’ हा काव्यदोष आहे. ‘अशिष्ट’ ह्या शब्दात नीतीचा वास येतो, तर ‘बाजारू’ म्हणताच बोलणाऱ्याच्या जातकुळीविषयी शंका घेतल्यासारखे होते. सराफ व दलाल यांच्यात चालणारी नंदभाषा काही अभ्यासक ह्याच सदरात घालतात, पण ते योग्य नव्हे. नंदभाषा ही तिऱ्हाइतास कळू नये म्हणून योजलेली आहे. अशिष्ट मानला जाणारा शब्द मात्र सर्वांना कळतो. तो कोठे उच्चारावा आणि कोठे उच्चारू नये, एवढाच काय तो प्रश्न असतो. तेव्हा अशा शब्दांचा इतिहास म्हणजे त्यांच्या अर्थापेक्षा त्यांच्या दर्जाचा इतिहास होय, आणि तो दर्जा शब्दाच्या अंगी उपजत नसतो. त्याची साक्ष औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) शहराइतकी स्पष्टपणे फार थोड्या ठिकाणी मिळेल.

जुने शहर आणि रेल्वे स्थानक यांच्या दरम्यान उस्मानपुरा वसलेला आहे. मलिक अंबराने 1610 च्या सुमारास वसविलेल्या खडकीभोवती पुढे जे पुरे उभे राहिले, त्यांची नावेच मिश्र आहेत. बेगमपुरा, करणपुरा, पदमपुरा ह्यांप्रमाणे ‘उस्मानपुरा’ ह्या नावातही अरबी विशेषनामास संस्कृत ‘पुर’ जोडलेले आहे, आणि ते कोणाच्या कानाला खटकत नाही. ह्या वस्तीत मराठी व दखनी उर्दू दोन्ही रोज कानी पडतात. दखनी बोलणारा नकार देताना ‘नक्को’ म्हणतो, सावकाश जाण्यास ‘हल्लू’ म्हणतो आणि ठासून सांगावयाचे असल्यास ‘मैंच’, ‘वैसाच’ असा ‘च’ जोडतो. शाळेतील उर्दू ह्यांपैकी एकही रूप मान्य करीत नाही. तिच्या दृष्टीने ही बिघडलेली, गल्लीतील भाषा होय.

ही तिन्ही रूपे मराठीची आहेत, हे सांगावयास नकोच. महत्त्वाचा मुद्दा वेगळा आहे. दखनीत दीर्घ स्वर ऱ्हस्व करून पुढील व्यंजन दुहेरी उच्चारण्याची प्रवृत्ती आहे. ‘सोना’चे ‘सुन्ना’, ‘हाथी’चे ‘हत्ती’, ‘फीका’चे ‘फिक्का’ होते. ‘नको’चे ‘नक्को’ होण्यामागे व्यंजन दुहेरी करण्याची हीच खोड आहे. ‘हळू’मधील ‘ळ’ हा वर्ण दखनीस परका, म्हणून तेथे ‘ल्ल’ आला. म्हणजे ज्यास निष्काळजी उच्चार समजले जाते, ते वस्तुतः एका बोलीने दुसरीचा शब्द आपल्या नियमाने पचविल्याचे उदाहरण आहे. तथापि प्रत्येक साम्य पाहून मराठीचा झेंडा रोवणेही बरे नव्हे. ‘कायकू’ ह्या रूपात मराठी ‘काय’ पाहण्याचा मोह होतो, परंतु उत्तरेतील ‘काहे को’ हे त्याचे मूळ असण्याचा संभव अधिक.

‘नको’ दखनीत शिरला तो बाजारातून की घरातून, हे ठरविणे कठीण आहे. मुहम्मद तुघलकाने 1327 मध्ये राजधानी दौलताबादेस हलविल्यापासून उत्तरेकडील बोली बोलणारी कुटुंबे मराठी मुलखात स्थायिक झाली. दाई, शेजारीण, भाजीवाला यांच्याशी होणाऱ्या रोजच्या बोलण्यात नकाराचा शब्द प्रथम उचलला जावा, ह्यात नवल नाही. पण पुढे ह्या शब्दाला जी प्रतिष्ठा लाभली ती घरापुरती नव्हती. गोवळकोंडा आणि विजापूर येथील दरबारी काव्यात दखनी हीच शिष्ट भाषा होती आणि तिच्यातील मराठी शब्द कवींना लाजिरवाणे वाटत नव्हते. 1635 मध्ये वजहीने गोवळकोंड्यात ‘सबरस’ हा गद्यग्रंथ लिहिला तो ह्याच भाषेत.

दर्जा बदलला तो सत्ता बदलल्यावर. 1686 मध्ये विजापूर व 1687 मध्ये गोवळकोंडा पडले. औरंगजेब 1681–82 पासून दक्षिणेत होता, आणि त्याच्या लष्कराबरोबर व अमीर-उमरावांबरोबर दिल्लीची बोली औरंगाबादेत ठाण मांडून बसली. दखनीस राजाश्रय देणारे दरबार नाहीसे झाले. वली औरंगाबादी ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कवीचा दीवान 1720 मध्ये दिल्लीस पोहोचला आणि तेथील कवींनी त्याचे अनुकरण केले. परंतु एका पिढीनंतर, 1750 नंतरच्या दशकात, शाह हातिमने आपल्या ‘दीवानजादा’च्या प्रस्तावनेत देशी ‘भाखा’ टाकून दिल्लीच्या प्रतिष्ठितांची रोजची बोली स्वीकारल्याचे जाहीर केले. येथे ‘रोजची बोली’ हे शब्द लक्षात घेण्यासारखे आहेत. दिल्लीच्या सरदाराची रोजची बोली प्रमाण ठरली आणि दक्षिणेतील रहिवाशाची रोजची बोली गावंढळ ठरली. मराठीच्या बाजूस तरी वेगळे काय झाले? रघुनाथपंडिताने 1677 च्या सुमारास ‘राज्यव्यवहारकोश’ रचून फारसी शब्दांस संस्कृत पर्याय दिले, तेव्हा शब्दांची प्रतिष्ठा राज्याबरोबर फिरते हे त्यानेही ओळखले होते.

विसाव्या शतकात ह्या वादाचे केंद्र पुन्हा औरंगाबादच होते, ही गोष्ट सहसा विसरली जाते. अंजुमन तरक्की-ए-उर्दू ह्या संस्थेचे कार्यालय मौलवी अब्दुल हक यांनी 1913 मध्ये येथे आणले आणि सुमारे पाव शतक ते येथे राहिले. प्रमाण उर्दूचे व्याकरण लिहिणाऱ्या ह्याच पंडिताने 1932 मध्ये ‘सबरस’ छापून काढला व 1933 मध्ये मराठीवरील फारसीच्या प्रभावावर पुस्तक प्रसिद्ध केले. हस्तलिखितातील दखनी आदरास पात्र, मात्र रस्त्यावरील दखनी शुद्ध करण्याजोगी, असा हा विरोध आहे. दोहोंतील शब्द पुष्कळदा एकच होते. फरक होता तो कागदाच्या वयाचा.

उलट दिशेचा प्रवासही ह्याच शहरात झाला. निजामी राज्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उर्दू ही राज्यकारभाराची भाषा होती. जिल्हाधिकाऱ्यास ‘अव्वल तालुकदार’ म्हणत आणि पुष्कळ खात्यांचा अधिकारी ‘मोहतमीम’ असे. मराठी बोलणाऱ्यास हे शब्द दबून, नीट उच्चारावे लागत. सप्टेंबर 1948 मधील पोलीस कारवाईनंतर, आणि 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आल्यावर, ह्या शब्दांमागील मोहर गेली. काही लोपले, तर काही केवळ वृद्धांच्या बोलण्यात, पुष्कळदा थट्टेच्या सुरात, राहिले. ‘कलदार’चे उदाहरण अधिक बोलके आहे. ‘कल’ म्हणजे यंत्र. यंत्रावर पाडलेला इंग्रजी रुपया तो कलदार, आणि निजामाचा तो हाली. सहा कलदार म्हणजे सात हाली असा हिशेब असल्याने कलदार वरचढ होता. हाली गेला, इंग्रजी रुपयाही गेला, पण खणखणीत रोख रकमेस ‘कलदार’ म्हणण्याची रीत मागे उरली. टाकसाळीचा पारिभाषिक शब्द बाजाराच्या ठसक्याचा झाला, आणि त्याचा एकही वर्ण बदलला नाही.

‘नक्को’ची आजची वाट विनोदाची आहे. हिंदी चित्रपटात मेहमूदने दखनी ढंगावर हशे मिळविले, गुलबर्ग्याच्या सुलेमान खतीब यांनी हास्यकवितेतूनच संसाराची दुःखे मांडली. गंभीर साहित्याने दार लावले की बोली विदूषकाच्या वेषाने आत येते. परंतु ह्या प्रदेशात त्याआधीचे एक उदाहरण आहे. सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी ‘हिंदु-तुर्क संवाद’ रचला आणि भारुडांतून फकिरासारख्या पात्रांच्या तोंडी दखनी बोली घातली. तेथे हसू आहे, पण ते बोलीस हसणे नव्हे. त्या बोलीतूनच अध्यात्म सांगितले गेले. उस्मानपुऱ्यात संत एकनाथ रंगमंदिर उभे आहे. त्याच्या रंगमंचावर प्रमाण मराठी नाटके होत आली, आणि बाहेरच्या रस्त्यावर रिक्षावाला भाडे नाकारताना म्हणतो, ‘नक्को’.