सुके ओतकाम

घराभोवतीच्या लहान कामांसाठी काँक्रीट घालण्याची एक पद्धत. नेहमी सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी कालवून माल करतात व तो साच्यात ओततात. सुक्या ओतकामात पोत्यातले कोरडे मिश्रण तसेच साच्यात पसरतात आणि पाणी नंतर वरून देतात. अमेरिकेत ही पद्धत ‘ड्राय पोअर’ नावाने ओळखली जाते. हौशी लोकांच्या व्हिडिओंमुळे अलीकडे तिचा बराच प्रसार झाला आहे.

ती तिथे रुजण्याचे कारण म्हणजे सिमेंट, वाळू आणि खडी एकत्र भरलेली पोती तिथे दुकानात सर्रास मिळतात. ८० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ३६ किलोच्या पोत्यातून ०.६ घनफूट काँक्रीट होते. १० फूट लांब, १० फूट रुंद आणि ४ इंच जाड कोब्याला अशी ५६ पोती लागतात. एवढा माल एकट्याने फावड्याने कालवायचा तर कंबर धरते. ते कष्ट वाचतात, हेच या पद्धतीचे आकर्षण.

कृती अशी : जमीन धुमसाने ठोकून घट्ट करतात, कडेने फळ्या लावतात, मिश्रण ओतून पट्टीने सपाट ओढतात आणि वर आलेली खडी दाबण्यासाठी रंगाचा रोलर हलक्या हाताने फिरवतात. पहिले पाणी धुक्यासारखे बारीक फवारायचे असते. थेंब जाड पडला, तर देवीच्या वणांसारखे खळगे उठतात आणि ते कायमचे राहतात. पांढुरकी पूड हळूहळू काळपट होते, तिच्यावर पातळ पापुद्रा धरतो. मग तासातासाने पाणी वाढवत नेतात आणि दुसऱ्या दिवशी भरपूर भिजवतात. कोरडा माल ओतताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असते आणि ओले सिमेंट कातडी भाजते, म्हणून मास्क व हातमोजे हवेतच.

खरा प्रश्न त्या पापुद्र्याखालचा आहे. पाणी आणि सिमेंट यांच्या प्रमाणावर काँक्रीटची ताकद ठरते, हे डफ एब्रम्स यांनी १९१८ मध्ये शिकागोत प्रयोगांनी दाखवले. सुक्या ओतकामात नेमके हेच प्रमाण हातात राहत नाही. वर पाणी जास्त होते, तळाशी पोचेल तेवढेच पोचते. शिवाय कालवताना सिमेंटचा लगदा प्रत्येक खड्याला माखतो आणि ठोकताना हवा बाहेर पडते. इथे दोन्ही होत नाही. असा तुकडा फोडला, तर वरचा थर दगडासारखा आणि खाली नखाने उकरता येईल असा भुसभुशीत भाग निघू शकतो. वरून पाहणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही, आणि माझ्या मते या पद्धतीतला सर्वात मोठा धोका हाच आहे.

म्हणून बागेतली पायवाट किंवा कचऱ्याच्या डब्याखालचा चौथरा इथवर ती चालेल. गाडीचा रस्ता, पायरी, खांबाचा पाया, पाण्याची टाकी पेलणारा ओटा यांसाठी मुळीच नाही. सळई घालून या पद्धतीची उणीव भरून निघत नाही, कारण सळईला घट्ट धरणारा लगदाच तिथे नसतो.

कुंपणाचे खांब रोवण्याची गोष्ट निराळी. खड्ड्यात खांब उभा करून लवकर घट्ट होणारे मिश्रण कोरडेच ओतावे आणि वर पाणी घालावे, असे अशा मिश्रणांचे उत्पादकच सांगतात. खड्ड्याच्या भिंती त्याला चहूकडून धरतात आणि त्याचे काम खांब हलू न देण्यापुरते असते.

महाराष्ट्रात आपले गवंडीही आधी सुका माल कालवतात, पण लगेच मध्ये आळे करून पाणी घालतात आणि पुन्हा कालवतात. भारतीय मानक आयएस ४५६ मिक्सरमध्ये किमान २ मिनिटे कालवायला सांगते. साध्या सिमेंटच्या कामावर किमान ७ दिवस, कोरड्या व उष्ण हवेत १० दिवस पाणी मारायलाही सांगते. घरी सिमेंट व वाळू आणून ही पद्धत करू पाहणाऱ्याने आणखी एक ध्यानात ठेवावे : तयार पोत्यातली वाळू वाळवलेली असते, आपल्या दारात पडलेली वाळू दमट असते. तिच्यात मिसळलेले सिमेंट फवारणीची वाट न पाहता तेव्हाच आवळू लागते.