हिप-हॉपच्या घरच्या लेकी

हिप-हॉप म्हटले, की सोनसाखळ्या घातलेले तरुण, महागड्या मोटारी आणि भोवती नाचणाऱ्या मुली असे चित्र डोळ्यांपुढे येते. दूरचित्रवाहिन्यांनी ते पक्के केले. इतिहास मात्र वेगळे सांगतो.

११ ऑगस्ट १९७३. न्यूयॉर्कमधील ब्राँक्स हा गरिबांचा भाग. सिंडी कॅम्पबेल या मुलीला शाळेसाठी नवे कपडे हवे होते. पैसे जमवायला तिने आपल्या इमारतीत नाचगाण्याचा कार्यक्रम ठरवला. तिकीट मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट. तबकड्या वाजवायला भाऊ क्लाइव्ह. तोच पुढे डीजे कूल हर्क म्हणून गाजला. हाच दिवस आज हिप-हॉपचा जन्मदिवस मानतात. भावाचे नाव जगभर झाले, बहिणीचे फार थोड्यांना ठाऊक आहे. १९७९ साली 'रॅपर्स डिलाइट' ही तबकडी गाजली, तीही सिल्व्हिया रॉबिन्सन या बाईंनी काढलेली.

म्हणजे बायका या घरात पाहुण्या नव्हत्याच. १९८४ मध्ये एका पुरुष चमूने आपल्याला भाव न देणाऱ्या रॉक्सॅनवर गाणे केले. त्याला रॉक्सॅन शाँते या चौदा वर्षांच्या मुलीने रॅपमधूनच खणखणीत उत्तर दिले. मग सवाल-जवाबांची रांगच लागली. १९९३ मध्ये क्वीन लतीफा हिने 'युनिटी' या गाण्यात रस्त्यावर अंगचटीला येणाऱ्यांना आणि घरात हात उगारणाऱ्यांना जाब विचारला. त्या गाण्याला १९९५ मध्ये ग्रॅमी मिळाले.

पण जाब विचारणे सोपे नव्हते. घरातली तक्रार बाहेर गेली, की काळ्या तरुणांना आधीच गुन्हेगार समजणाऱ्यांच्या हाती कोलीत मिळते. गप्प बसावे, तर अपमान रोजचाच होतो. जोन मॉर्गन या लेखिकेने १९९९ मध्ये या कोंडीला 'हिप-हॉप स्त्रीवाद' हे नाव देऊन वाट करून दिली: या संगीतावर प्रेमही करायचे आणि त्याच्याशी भांडायचेही.

२००४ साली या भूमिकेची कसोटी लागली. अटलांटातील स्पेलमन हे काळ्या मुलींचे नामवंत महाविद्यालय. रॅपर नेली याच्या बहिणीला रक्ताचा कर्करोग झाला होता. अस्थिमज्जा देणाऱ्यांच्या नोंदणीसाठी त्याची संस्था तेथे येणार होती. त्याच्या एका चित्रफितीत मात्र स्त्रीच्या पार्श्वभागावरून क्रेडिट कार्ड फिरवल्याचे दृश्य होते. मुली म्हणाल्या, नोंदणीला या, पण त्या दृश्याबद्दलही आमच्याशी बोला. संस्थेने कार्यक्रमच रद्द केला. २००५ मध्ये ती बहीण वारली.

या मुलींना निर्दय म्हणणारेही निघाले. पण त्यांनी मदत नाकारली नव्हती, फक्त बोलणे मागितले होते. मदतीला हाक मारताना ज्या बहिणी आठवतात, त्या गाणे रचतानाही आठवाव्यात, एवढेच त्यांचे मागणे होते.