लेट्यूस : नत्रखताची मात्रा, उत्पादन आणि प्रत

लेट्यूस (लॅक्टुका सटायव्हा) ही उथळ मुळांची, थोड्या दिवसांत तयार होणारी आणि बहुधा कच्चीच खाल्ली जाणारी पालेभाजी. तिला नत्र किती द्यावे याचे उत्तर हेक्टरी ठरावीक किलोंत देण्याचा प्रघात आहे. पण जमिनीत आधीच असलेले नत्र जमेस धरल्याशिवाय त्या आकड्याला फारसा अर्थ नाही. कॅलिफोर्नियातील सॅलिनस खोऱ्यात हे स्पष्ट दिसते. तेथे अनेकदा एकाच शेतात वर्षातून दोन पिके निघतात आणि पहिल्याचे उरलेले नत्र दुसऱ्याला मिळते. एक पीक हेक्टरी साधारण १३० ते १६० किलो नत्र उचलते, त्यातले बहुतेक काढणीआधीच्या तीन-चार आठवड्यांत. त्यामुळे लागवडीच्या वेळीच भरघोस दिलेले खत पीक मागू लागण्याआधी पाण्याबरोबर मुळांखाली उतरते. नत्र कमी पडले तर गड्डे लहान राहतात, बाहेरची पाने पिवळटतात. गरज भागल्यावर मात्र उत्पादनाची वाढ थांबते.

यावर बागायतदारांचा आक्षेप व्यवहारी आहे: मालाच्या किमतीपुढे खताचा खर्च किरकोळ, आणि फिकट माल नाकारला गेला तर तोटा मोठा, मग दोन पोती जास्त का देऊ नयेत? जोखमीचा हा हिशेब खोटा नाही, पण ती जोखीम मोजता येते. वरखतापूर्वी वरच्या ३० सेंमी मातीत नायट्रेट-नत्र दशलक्ष भागांत २० भागांहून अधिक आढळल्यास ते वरखत तूर्त टाळता येते. सॅलिनस खोऱ्यातील शेतांवरच्या चाचण्यांत अशा कपातीने उत्पादन घटले नाही. शिवाय जादा मात्रा निरुपद्रवी नसते. वाढ फार वेगाने झाली की आतल्या कोवळ्या पानांपर्यंत कॅल्शियम पुरेसे पोहोचत नाही व त्यांच्या कडा करपतात. बंद गड्ड्यावर कॅल्शियम फवारून हा दोष जात नाही, कारण ते आत शिरतच नाही.

जादा नत्राने पानांत नायट्रेटही वाढते, पण त्याचा सगळा दोष खतावर टाकणे अन्यायाचे होईल. पानांतील नायट्रेटचे रूपांतर होण्यास प्रकाश लागतो, म्हणून हिवाळी, आच्छादनाखालच्या पिकात ते साचते. युरोपीय संघाने २०११ मध्ये ठरवलेल्या नायट्रेटच्या कमाल मर्यादांत अशा पिकाला सवलत दिसते: आच्छादित हिवाळी लेट्यूसला किलोमागे ५००० मिग्रॅ, उघड्यावरच्या उन्हाळी मालाला ३०००, उघड्यावरच्या आइसबर्गला २०००. मंद प्रकाशात दिलेले वाढीव नत्र म्हणूनच अधिक गैरवाजवी. हिशेबात आणखी एक रक्कम हमखास विसरली जाते, ती विहिरीच्या पाण्याची: लिटरमागे १० मिग्रॅ नायट्रेट-नत्र असलेले १०० मिमी पाणी दिले, की हेक्टरी १० किलो नत्र आपोआप पडते.