मुंबईतील शस्त्रवैद्यक आणि वंशभेद

पुरःस्थ ग्रंथीचा, म्हणजे प्रोस्टेटचा, कर्करोग झाल्यास ती ग्रंथी काढून टाकण्याची शस्त्रक्रिया अमेरिकेत गौरवर्णीयांच्या मानाने कृष्णवर्णीयांच्या वाट्यास कमी येते, असे तेथील अभ्यासांत वारंवार आढळले आहे. हा भेद उघड झाला, कारण तेथील कर्करोग-नोंदणीत वंशाचा रकाना आहे. मुंबईच्या शस्त्रवैद्यकातही वंशभेद होता. मात्र त्याचे स्थान निराळे होते.

ग्रँट वैद्यक महाविद्यालय १८४५ साली सुरू झाले. १८५१ साली पहिली तुकडी उत्तीर्ण झाली. तीत भाऊ दाजी लाड होते. विद्येचे दार असे उघडले, तरी अधिकाराचे दार बंदच राहिले. प्राध्यापकांच्या प्रमुख जागा इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांकडे असत. या सेवेची परीक्षा १८५५ पासून एतद्देशीयांसही खुली होती. पण ती लंडनमध्ये होत असे. नियमात नसलेला वंशभेद अशा रीतीने अंतरातून आणि खर्चातून व्यवहारात उतरे. रुग्णांचीही विभागणी होती : युरोपियनांसाठी सेंट जॉर्ज, एतद्देशीयांसाठी भायखळ्याचे जमशेटजी जीजीभाई रुग्णालय.

या व्यवस्थेस उत्तर मिळाले ते परळ येथे. शेठ गोर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी महानगरपालिकेस देणगी देताना अट घातली, की महाविद्यालयाचा अध्यापकवर्ग सरकारी सेवेत नसलेल्या भारतीयांचाच असावा. १९२६ साली राजे एडवर्ड स्मारक रुग्णालयाचे उद्घाटन झाले, डॉ. जीवराज मेहता हे संस्थेचे पहिले अधिष्ठाता. पुढे १९४१ साली परळलाच टाटा स्मारक रुग्णालय उघडले. शस्त्र कोणाच्या हाती असावे, हा प्रश्न अशा प्रकारे मिटला.

शस्त्रक्रियेपर्यंत कोण पोहोचतो, हा प्रश्न मात्र उरला. १९५० साली अंधेरी व घाटकोपर, १९५७ साली बोरिवली व मुलुंड महानगरपालिकेच्या हद्दीत आले. परळ तेथून लांबच राहिले. पुढे उपनगरांत रुग्णालये झाली, तरी कर्करोगाच्या उपचारासाठी परळची वाट संपली नाही. मूत्राचा त्रास म्हाताऱपणाचाच समजणाऱ्या वृद्धाच्या बाबतीत ही वाट विलंब वाढवते. १९६३ साली सुरू झालेल्या मुंबई कर्करोग-नोंदणीने रुग्णांचे वर्गीकरण धर्मानुसारही केले. जो रकाना आखावा, तोच भेद दृष्टीस पडतो. लंडनच्या अंतराने एके काळी जे केले, ते परळचे अंतर करते काय, हे पाहावयाचे असेल, तर रुग्णाच्या वस्तीचा रकाना तितक्याच काळजीने वाचावयास हवा.