भडगावात आग लागली तर बंब येईपर्यंत काय होतं?

मे महिन्यातली दुपार. पारा 44 च्या पुढे, गिरणेचं पात्र कोरडं, रस्त्यावर चिटपाखरू नाही. अशा वेळी गावाच्या कडेला खळ्यात रचलेल्या कडब्याच्या गंजीतून धूर निघायला लागतो. सगळ्यात आधी कोण पोचतं? बंब नाही. शेजारचा शेतकरी, त्याचा सालदार आणि रस्त्याने जाणारा एखादा रिक्षावाला. मग कुणीतरी बोअरची मोटर चालू करतो, कुणी ट्रॅक्टरला पाण्याचा टँकर जोडतो, पोरं घराघरातून बादल्या आणतात. बंब येतो तेव्हा निम्मं काम एकतर झालेलं असतं किंवा हातातून गेलेलं असतं.

बाहेरच्या देशांत अशा माणसांना ‘व्हॉलंटियर फायरमन’ म्हणतात. त्यांना गणवेश असतो, प्रशिक्षण असतं, विमा असतो. आपल्याकडे त्यांना काहीच नाव नाही. पण काम तेच आहे.

बंब कुणाचा?

राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत, म्हणजे नगरपालिकांकडे सोपवायच्या कामांच्या यादीत, अग्निशमन सेवा आहे. महाराष्ट्रातल्या 1965 च्या नगरपरिषद कायद्यातही आग विझवणं आणि जीवित-मालमत्ता वाचवणं हे नगरपरिषदेचं बंधनकारक कर्तव्य धरलेलं आहे. त्यामुळे भडगावचा बंब भडगाव नगरपरिषदेचा, पाचोऱ्याचा पाचोरा नगरपरिषदेचा. राज्य पातळीवर अग्निशमन संचालनालय आहे, 2006 चा आग प्रतिबंधक कायदा आहे (तो 6 डिसेंबर 2008 पासून लागू झाला), पण गाडी, ड्रायव्हर, डिझेल आणि पगार हे सगळं शेवटी पालिकेच्या तिजोरीवर येतं.

2011 च्या जनगणनेत भडगाव शहराची लोकसंख्या साधारण 37 हजार होती. एवढ्या गावाची पालिका मोठं फायर स्टेशन चालवेल अशी अपेक्षाच करता येत नाही. पण हा बंब फक्त शहरापुरता राहत नाही, ही खरी अडचण. तालुक्यातल्या खेड्यांमध्ये ग्रामपंचायती आहेत, त्यांच्याकडे बंब नाहीत. कजगावला आग लागो की गुढ्याला, फोन भडगावलाच येतो. आग मोठी असेल तर 15 किलोमीटरवरच्या पाचोऱ्याला, मग चाळीसगाव, एरंडोल, पारोळ्याला कळवतात. म्हणून जळगाव जिल्ह्यातल्या कुठल्याही मोठ्या आगीच्या बातमीत चार-पाच गावांच्या बंबांची नावं एका ओळीत वाचायला मिळतात.

देशातल्या जुन्या अग्निशमन निकषांनुसार शहरात 5 मिनिटांत आणि ग्रामीण भागात 20 मिनिटांत गाडी पोचायला हवी. वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या खेड्यात, एकेरी रस्त्याने, समोरून ऊस किंवा केळीचा ट्रक येत असताना 20 मिनिटांत पाच हजार लिटर पाणी घेऊन पोचून दाखवा!

दहा मिनिटांचं पाणी

हे गणित एकदा समजलं की गावकऱ्यांची मदत किती मोलाची असते ते कळतं.

लहान गावातल्या बंबात साधारण साडेचार ते पाच हजार लिटर पाणी मावतं. एका नळीतून जोरात पाणी मारलं तर मिनिटाला सुमारे 400 ते 500 लिटर जातं. म्हणजे एक नळी सलग चालू ठेवली तर बंब दहा-बारा मिनिटांत रिकामा. दोन नळ्या लावल्या तर पाच-सहा मिनिटांत.

मग पुन्हा भरायला जायचं. शहरात जलकुंभ असतो, तिथून भरता येतो. खेड्यात विहीर किंवा बोअर शोधावी लागते, आणि तिथे लाइट असेलच असं नाही. गिरणेवर अवलंबून असलेल्या या पट्ट्यात उन्हाळ्यात प्यायचं पाणीच धरणातून सुटणाऱ्या आवर्तनावर मोजून मिळतं. त्यामुळे आगीच्या ठिकाणी खरा हिरो बरेचदा खासगी टँकरवाला असतो. तो बंबाच्या टाकीत पाणी ओतत राहतो आणि बंब फक्त पंपाचं काम करतो. लग्नाच्या हंगामात हे टँकर आधीच कुठेतरी बुक असतात, ही आणखी एक गंमत. गंमत म्हणायचं एवढंच.

कापूस: बाहेरून विझलेला, आतून पेटलेला

खानदेशातली सगळ्यात अवघड आग कापसाची. दिवाळीनंतर जिनिंगमध्ये कापसाचे डोंगर लागतात. कापसात चुकून खडा किंवा लोखंडाचा तुकडा आला आणि तो रेच्यात घासला की ठिणगी उडते. यंत्राचं बेअरिंग तापलं तरी पुरतं. ती ठिणगी हवेच्या झोताबरोबर पाइपातून पुढे जाते आणि रुईच्या ढिगात जाऊन बसते. वरून काहीच दिसत नाही.

रुईच्या दाबलेल्या गाठीत आग शिरली तर ती तासन्‌तास, कधी दिवसभर धुमसते. वरून पाणी मारलं तर बाहेरचा थर भिजतो आणि आतल्या भागाला पाणी पोचतच नाही. म्हणून गाठ बाहेर ओढायची, फोडायची, पसरायची आणि मग विझवायची. हे काम फायरमन एकटे करूच शकत नाहीत. तिथे जिनिंगचे हमाल लागतात, जेसीबी लागतो, गाठी उचलणारे ट्रॅक्टर लागतात. आग विझली असं सांगून बंब परत गेल्यावर रात्री पुन्हा भडका उडाला, असं कापसाच्या बाबतीत होऊ शकतं. म्हणून राखण ठेवावीच लागते.

याच कापसाचा संबंध देशाच्या अग्निशमन दिनाशी आहे, हे फारसं कुणाला माहीत नसतं. 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या हजारो गाठी होत्या आणि त्यांच्याच सोबत स्फोटकं. आग कापसात सुरू झाली, धुमसत राहिली, ती नेमकी कुठे आहे हे शोधण्यात वेळ गेला आणि मग दोन प्रचंड स्फोट झाले. त्यात मुंबई अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी 14 ते 20 एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात.

गावकऱ्यांनी काय करावं, काय करू नये

बंब येईपर्यंतच्या वेळात काही साधी कामं जीव वाचवतात.

गोठा पेटला तर आधी दावं कापा, सोडवत बसू नका. घाबरलेलं जनावर दावं ताणून धरतं, त्यामुळे गाठ सुटत नाही. बाहेर काढलेल्या जनावराला लांब नेऊन बांधा, कारण ते पुन्हा आपल्या गोठ्याकडे पळतं.

कडब्याची एक गंजी पेटली असेल तर ती बहुतेक वेळा वाचत नाही. शेजारची वाचते. त्यामुळे पाणी पेटलेल्या गंजीवर संपवण्यापेक्षा शेजारच्या गंजीवर मारा, मधला कचरा-पाचोळा ओढून काढा. उभं राहताना वारा पाठीवर घ्या.

घराला आग लागली असेल तर महावितरणच्या लाइनमनला फोन करून वीज बंद करून घ्या आणि मगच पाणी मारा. सिलिंडरच्या नळीने पेट घेतला असेल आणि हात पोचत असेल तर रेग्युलेटर बंद करा, ओलं पोतं टाका. सिलिंडरच ज्वाळांमध्ये सापडला असेल तर हिंमत दाखवू नका, लांब जा.

केमिकलच्या कारखान्याजवळ तर जाऊच नका. शेजारच्या धुळे जिल्ह्यात, शिरपूरजवळ वाघाडीला 31 ऑगस्ट 2019 ला रासायनिक कारखान्यात स्फोट झाला, त्यात किमान 12 जणांचा जीव गेला. तिथे बादलीचा काही उपयोग नसतो.

आणि ओरडा करताना जपून. 22 जानेवारी 2025 ला पाचोरा तालुक्यात परधाडे स्टेशनजवळ पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची अफवा पसरली. चेन ओढली गेली, लोक घाबरून रुळांवर उतरले आणि शेजारच्या रुळावरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली किमान 12 प्रवासी सापडले. गाडीत आग नव्हतीच.

स्वयंसेवक, पण कागदावर कुठे?

जर्मनीत जवळपास 10 लाख लोक स्वयंसेवी अग्निशामक आहेत. शिट्टी वाजली की सुतार, शिक्षक, बेकरीवाला हातातलं काम टाकून निघतो, मालकाला त्याला सोडावंच लागतं आणि त्या वेळेचा पगार पालिका भरून देते. चिलीत तर 1851 पासून अख्खी सेवाच स्वयंसेवकांची आहे.

आपल्याकडे होमगार्ड आहेत, त्यांची सुरुवात 1946 मध्ये मुंबई प्रांतातूनच झाली. नंतर ‘आपदा मित्र’ योजना आली. देशातल्या 350 जिल्ह्यांत एक लाख तरुणांना 12 दिवसांचं प्रशिक्षण, किट आणि विमा देण्याची ती योजना. पण तिचा मूळ भर पूर आणि इतर आपत्तींवर आहे, आगीवर नाही. 2023 मध्ये केंद्राने अग्निशमन सेवांच्या आधुनिकीकरणासाठी 5,000 कोटींची योजना आणली. ती राज्यांसाठी आहे, तिच्यात गंजी विझवायला धावलेल्या सालदाराची सोय नाही.

त्यामुळे आगीत धावून गेलेला गावकरी भाजला तर तो कुणाचा? कागदावर कुणाचाच नाही. दवाखान्याचं बिल घरचेच भरतात, नाहीतर गाव वर्गणी काढतं.

नुकसानाचा कागद

आग विझल्यावर पहिल्याच दिवशी तलाठ्याला कळवून पंचनामा करून घ्या. राख साफ करण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. बंब आला असेल तर पालिकेकडून आगीचा दाखला मागा, विम्यासाठी तो लागतो.

आपत्ती मदतीच्या केंद्राच्या यादीत पूर आणि गारपिटीसारखी आगही आहे. 2022 ते 2026 च्या निकषांनुसार माणूस दगावला तर वारसांना 4 लाख रुपये, दुभती गाय किंवा म्हैस गेली तर 37,500 आणि बैल गेला तर 32,000 रुपये अशी तरतूद आहे. जनावर गेलं असेल तर पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा शवविच्छेदन अहवाल जोडावा लागतो. म्हणून तो अहवाल मिळेपर्यंत जनावर पुरू नका.