तसबिरीचा घोटाळा

‘संशयकल्लोळ’ हे नाटक अस्सल मराठी वाटते, पण त्याचे मूळ फ्रेंच. मोलिएरच्या 1660 मधील प्रहसनावरून मर्फीने 1761 मध्ये इंग्रजी नाटक रचले आणि त्यावरून गोविंद बल्लाळ देवलांनी ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ लिहिले. रेवतीच्या हातून पडलेली आश्विनशेठची तसबीर कृत्तिकेजवळ पाहून तिचा नवरा फाल्गुनराव भडकतो. धुळ्यात आमच्या विद्यार्थ्यांनी हा प्रवेश केला तेव्हा उर्दूभाषक पालकांनाही हसू आवरेना. ‘तसबीर’ हा शब्द तर त्यांच्या घरचाच! संगीत नाटक आपल्या मुलांना पेलणार नाही, अशी काहींची धास्ती होती. परंतु 1893 मध्ये ते रंगभूमीवर आले गद्यच. पदांसह गंधर्व नाटक मंडळीने ते केले ऑक्टोबर 1916 मध्ये. तो प्रयोग पाहायला देवल नव्हते, जूनमध्येच ते निवर्तले होते.